टपाची गाडी आणि निळीचं पाणी

मे महिन्यात भाच्याचा पुण्याहून फोन आला तेव्हा मी रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरात एका ट्रॉलरच्या इंजिनरूममध्ये घामाने निथळत होतो. एका हातात पाना, फोन खांद्याने कानाशी दाबलेला.

"मामा, सेकंडहँड कन्व्हर्टिबल घेतोय. टर्बो पेट्रोल. बघायला याल का?"

"म्हणजे टप नसलेली?"

"टप आहे हो. उघडतो."

"आपल्याकडे उघडतो तो गळतो," एवढं म्हटलं आणि फोन ठेवला, कारण पाना निसटून इंजिनाखालच्या काळ्या पाण्यात गेला होता.

संध्याकाळी त्याच्या आईचा, म्हणजे माझ्या धाकट्या बहिणीचा फोन. "दादा, तू तरी सांग त्याला. एवढे पैसे घालून छप्पर नसलेली गाडी? त्यापेक्षा गावच्या घराची कौलं बदलली असती." कौलांचं तिचं खरंच होतं. पण पोरगा चौतीस वर्षांचा, पैसे स्वतःच्या पगाराचे, आणि डोक्यात एकच चित्र: आरे-वारेच्या रस्त्याने टप उघडून गणपतीपुळ्याला जायचं. तो रस्ता मी महिन्यातून चारदा जातो. वरच्या वळणावर दोन्ही किनारे एकदम दिसतात तिथे अजूनही माझी मान खिडकीबाहेर जाते. म्हणून येतो म्हणालो.

माझं मोटारींचं गॅरेज नाही. तीस वर्षं बोटींची इंजिनं करतोय. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, बोटी वर घेतलेल्या असतात, आणि तेव्हाच आमचा सीझन. त्यामुळे जे काय बघायचं ते मे संपायच्या आत, असं भाच्याला बजावलं.

मोटारवाले टर्बो म्हटलं की उगाच दचकतात. आमच्या धंद्यात तो घरचाच माणूस. अल्फ्रेड बुची नावाच्या स्विस इंजिनिअरने १९०५ मध्ये त्याचं पेटंट घेतलं, आणि पुढे त्याचं बस्तान बसलं ते जहाजांच्या डिझेल इंजिनांवर. बाजारात विकायच्या मोटारीत यायला १९६२ उजाडलं. त्या वर्षी अमेरिकेत ज्या दोन टर्बो गाड्या निघाल्या त्यातली एक, कॉर्व्हेअर मॉन्झा स्पायडर, उघड्या टपातही मिळायची. म्हणजे भाच्याचं खूळ साठ वर्षांचं जुनं आहे.

टर्बोत आहे काय? एका दांड्यावर दोन चाकं. एक धुराच्या जोराने फिरतं, दुसरं इंजिनात हवा दाबतं. मोटारीचा लिंबाएवढ्या चाकांचा टर्बो मिनिटाला दीड-दोन लाख फेरे घेऊ शकतो आणि तो दांडा तरंगतो तेलाच्या पातळ थरावर. तेल गेलं की टर्बो गेला. बोट चालवणाऱ्या तांडेलांना सांगून सांगून माझा घसा बसला, की बाबांनो, जेटीला लागल्या लागल्या इंजिन गप्प करू नका, चार मिनिटं आयडलला, रेस न देता चालू ठेवा. तापलेल्या दांड्यापाशी थांबलेलं तेल जळून त्याचा कोळसा होतो. आताच्या मोटारींत इंजिन बंद केल्यावरही कूलंट, म्हणजे इंजिन गार ठेवणारं पाणी, फिरवणारा एक छोटा विजेचा पंप असतो, म्हणून पूर्वीइतकी पंचाईत नाही. अर्थात तोही बिघडतो. मिनीच्या २००७ ते २०११ च्या टर्बो गाड्या याच पंपाचं सर्किट तापतं म्हणून २०१२ च्या जानेवारीत अमेरिकेत परत बोलावल्या होत्या. हे मला भाच्याने सांगितलं.

त्याने भरपूर वाचलं होतं. बावीस मुद्द्यांची एक्सेल शीट पाठवली, त्यातले सतरा इंजिनाचे. बीएमडब्ल्यू झेड-फोरचं ३५आय मॉडेल असेल तर हाय प्रेशर फ्युएल पंप, विजेवर चालणारा वॉटर पंप आणि थंड इंजिनावर वेस्टगेटचा, म्हणजे टर्बोवरचा जादा धूर बाजूला काढणाऱ्या झडपेचा खुळखुळाट. मिनी कूपर एस असेल तर थर्मोस्टॅटचं प्लास्टिकचं घर आणि टर्बोला तेल नेणारी नळी. ऑडी ए-थ्री असेल तर वॉटर पंपाचं प्लास्टिक हाउसिंग, तडकून कूलंट गाळतं. सगळं बरोबर. मी फक्त शीट उलटी केली. तळातले पाच मुद्दे, म्हणजे टप, पाणी, गंज, वायरिंग आणि कागद, वर आणले.

भाचा जरा हिरमुसला. त्याला म्हटलं, टर्बोचं दुखणं शिट्टी मारतं, धूर काढतं, दिवा लावतं. कार्पेटखालचं पाणी यातलं काही करत नाही. आणि टर्बो पैसे टाकले की नवा मिळतो; कुजलेलं वायरिंग बदलायला गाडी फणसासारखी सोलावी लागते. रत्नागिरीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि उरलेले आठ महिने वाऱ्यात मीठ असतं. इथे माझ्या शटरची कडी दोन वर्षं टिकत नाही.

पहिली गाडी गुहागर तालुक्यात. पर्यटकांना खोल्या देणाऱ्या एका गृहस्थांची, शंभर पावलांवर समुद्र. गाडीचं आणि गावाचं नाव लिहीत नाही, कारण दोष कंपनीचा नव्हता आणि गृहस्थांनी आम्हाला पोटभर जेवू घातलं. दोन लिटरचं टर्बो पेट्रोल, ऑटोमॅटिक, कापडी टप, लाल रंग. जयगडहून गाडी फेरीबोटीत चढवून तवसाळला उतरलो आणि दहाच्या सुमाराला पोचलो.

मी आधी बॉनेटवर तळहात ठेवला. गरम.

"तुम्ही येणार म्हणून जरा चालू करून ठेवली," मालक म्हणाले.

एवढं एक आदरातिथ्य सोडून बाकी सगळं मला चालतं. इंजिनाची खरी तक्रार थंड असताना पहिल्या पाच सेकंदांत ऐकू येते. चेन ताणून धरणारा टेन्शनर सैल असेल तर साखळीचा खडखडाट, वेस्टगेटची कडी झिजली असेल तर पत्र्याच्या डब्यात खडे हलवल्यासारखा आवाज. गरम इंजिनावर दोन्ही गायब होऊ शकतात. "इंजिन बघायला चार वाजता येतो, तोवर टप बघू," मी म्हटलं. मालकांचा चेहरा पडला, पण त्यांनी सुरमईची ऑर्डर आत दिली.

टपाचं आधी डोळ्यांनी. कापड जिथे घडी घेतं तिथे ते स्वतःवरच घासतं, त्या घडीत बोटं घालून उजेडाकडे धरलं. भोक नव्हतं. मागची काच कापडाला चिकटवलेली असते, तिच्या कडेने नख फिरवलं. डाव्या कोपऱ्यात ते आत गेलं. दार उघडताना काच आपोआप बोटभर खाली सरकायला हवी, कारण या गाड्यांच्या काचेला वरती चौकट नसते. ती सरकत होती.

मग घड्याळ लावलं. बघायला जाताना त्या त्या मॉडेलचा वेळ पाठ करून जावा. नव्या पिढीच्या मिनीचा टप १८ सेकंदांत उघडतो, ऑडी ए-थ्रीचाही १८, झेड-फोरचा दोन तुकड्यांचा पत्र्याचा टप २० घेतो. विकणारा एकदा उघडून दाखवतो आणि "मस्त ना?" विचारतो. मी तीनदा करायला लावतो, इंजिन चालू ठेवून, म्हणजे बॅटरी उतरली ही सबब नको. (इंजिन चालूच करायचं होतं तर चार वाजेपर्यंतचं व्रत मोडलं की, असं भाचा म्हणाला. खरं होतं. म्हणून टप आधी, मग जेवण, मग पुन्हा थंड.) पहिल्यांदा २४ सेकंद. दुसऱ्यांदा २९. तिसऱ्यांदा टप अर्ध्यावर उभा राहून विचारात पडला, पंप कण्हला, आणि मग हळूहळू बसला. डिकीतलं अस्तर सोडवून हायड्रॉलिकच्या नळ्यांवरून पांढरं फडकं फिरवलं. ओलं झालं.

एवढ्याने मी गाडी नाकारली नसती. सिलिंडरचे सील बदलून देणारे लोक आहेत.

माझ्या पिशवीत दोन लिटरची बाटली होती, पाण्यात कपड्यांची नीळ कालवलेली. कापडी टपाच्या मागच्या दोन्ही कोपऱ्यांत, कापड आणि पत्रा यांच्यामध्ये पन्हळ असते. छपरावरचं पाणी तिथे उतरतं आणि रबरी नळीतून मागच्या चाकाच्या पुढे जमिनीवर पडतं. म्हणजे पडायला हवं. उजव्या कोपऱ्यात अर्धी बाटली ओतली. चाकाशी जांभ्याच्या फरशीवर निळा ओघळ आला. डाव्या कोपऱ्यात उरलेली ओतली आणि खाली वाकून बघत बसलो.

काही नाही. "वेळ लागत असेल," भाचा म्हणाला. पन्हळ काठोकाठ भरली होती आणि त्या निळ्या पाण्यावर सुरूची एक सुई गोल फिरत होती. आम्ही तिघे त्या सुईकडे बघत होतो. मग कसलाही आवाज न होता पातळी उतरायला लागली. सुई आत गेली. चाकापाशी फरशी कोरडीच. मी दार उघडून मागच्या सीटच्या पायाशी, कार्पेटच्या कडेखाली हात सारला.

बोटं निळी झाली.

मालक म्हणाले, "हे आज तुम्ही ओतलंत म्हणून." मग कार्पेट आणखी वर उचललं. खालच्या जाड फोममध्ये आमच्या निळीच्या आधीचं पाणी होतं, आंबूस वासाचं. आणि वाळू. सीटच्या रुळात, रुळाच्या बोल्टांभोवती, पट्ट्याच्या कुलपात. समुद्रावर गाडी नेऊन फोटो काढायचे हे इकडे फार वाढलंय. भरती आली की चाकं रुततात, मग ट्रॅक्टर बोलवायचा, दोर लावायचा. मी भाच्याला गाडीखाली घातलं. कन्व्हर्टिबलला डोक्यावर पत्रा नसल्याने तिची सगळी ताकद तळात, आडव्या पट्ट्या मारून आणलेली असते. त्या पट्ट्यांच्या बोल्टांना तांबडे फुगे आले होते. सीटखालचा एअरबॅगचा पिवळा कनेक्टर मी उघडला तर आतल्या पिना कळकून हिरव्या.

चार वाजता इंजिन चालू केलं. थंडगार, पहिल्या झटक्यात, एक खडखडाट नाही. ऑइलचं झाकण सैल केलं. इंजिनातली वाफ काढणाऱ्या ब्रीदरचा पडदा फाटला असेल तर झाकण आत खेचलं जातं आणि शिट्टी वाजते, तसं काही नव्हतं. एअर पाइप काढून टर्बोचं चाक बोटाने हलवलं. दांड्याला बाजूला किंचित खेळ असतोच, तेलाचा दाब नसताना तो असावाच. पुढेमागे हलता कामा नये, आणि पाती घराला घासता कामा नयेत. सगळं चोख. पाइपात तेलाचा हात पुसल्याएवढा थर, तेवढा चालतो. डबकं दिसलं तर चालत नाही. दहा मिनिटं आयडलला ठेवून रेस दिली, मागे निळा धूर नाही. असं इंजिन मला बोटीत मिळालं असतं तर मी पेढे वाटले असते.

भाचा मला बाजूला घेऊन म्हणाला, "मामा, इंजिन तर एक नंबर आहे. ते लाख रुपये कमी करतायत."

"लाख रुपयांत कनेक्टर कोरडे होत नाहीत," मी म्हटलं. परतीच्या फेरीबोटीत तो माझ्याशी बोलला नाही.

दुसरी गाडी कोल्हापूरला एका डीलरच्या यार्डात. तिच्यावर फार शब्द खर्चत नाही. पॉलिश इतकं की त्यात माझं टक्कल दिसत होतं, आणि आत मोगऱ्याचा सेंट. सेंट दरवळला की मी सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढतो. वरचा पट्टा धुऊन स्वच्छ करतात, आत गुंडाळलेला शेवटचा हातभर भाग कोणी धूत नाही. तिथे सरळ आडवी मातकट रेघ होती. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी चिपळूणच्या बाजारपेठेत शिरलं तेव्हा त्यानंतरचा महिनाभर मी तिकडे जनरेटर आणि पंप उघडत होतो; ती रेघ मला झोपेतही ओळखता येईल. ही गाडी कुठल्या पाण्यात होती देव जाणे. भाच्याने स्टेअरिंगखालच्या सॉकेटला आपला छोटा स्कॅनर लावला. दोष एकही नाही, पण "कोड पुसल्यापासूनचं अंतर" या ओळीत ११ किलोमीटर, आणि गाडीच्या स्वतःच्या चाचण्यांपैकी निम्म्या अपूर्ण. कोणीतरी आदल्या दिवशी दिवा पुसला होता. ही युक्ती मला ठाऊक नव्हती, भाच्याकडून शिकलो. हजार-पंधराशेच्या स्कॅनरला एवढं कळतं.

तिसरी रत्नागिरीतच निघाली. माझ्या दुकानापासून चार किलोमीटरवर, आणि मला पत्ता नव्हता. निवृत्त सर्जन बाई, वय सत्तरच्या आसपास, गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यामुळे खाली बसक्या गाडीत उतरा-चढायला त्रास, म्हणून विकायची. फोनवर म्हणाल्या, "सकाळी सातला या. रात्रीपासून हात लावत नाही, थंड इंजिन ऐका. आणि माझे दोष मी सांगेन, तुमचे तुम्ही शोधा."

अशी गिऱ्हाइकं मला धंद्यात मिळाली असती तर केस एवढे गेले नसते.

त्यांनी एका वहीत सगळं लिहून ठेवलं होतं. वर्षाला जेमतेम तीन हजार किलोमीटर, तरी ऑइल दरवर्षी बदललेलं. हे फार थोडे लोक करतात. किलोमीटर कमी म्हणून तीन-तीन वर्षं तेच ऑइल ठेवतात. घर ते बाजार अशा छोट्या फेऱ्यांत इंजिन नीट तापतच नाही, तेलात पेट्रोल आणि पाणी साठत जातं, आणि त्याच तेलावर तो दोन लाख फेऱ्यांचा दांडा तरंगायचा असतो. मी विकणाऱ्याला मीटरचा आकडा नंतर विचारतो, ऑइलची बिलं आधी मागतो.

थंड इंजिन चालू केलं. दीड सेकंद काहीतरी टकटकलं आणि गप्प झालं. मी बंद करायला लावून रेडिएटरच्या बाजूने टॉर्च मारला. ऑइल फिल्टरच्या घराच्या गॅसकेटमधून तेल पाझरून खाली आलेलं, धूळ चिकटून लोण्यासारखं झालेलं. एका बाजूचं इंजिन माउंटिंग बसलं होतं, गिअर टाकला की इंजिन सलाम करत होतं. कूलंटच्या टाकीभोवती मात्र वाळलेला थर नव्हता आणि ऑइलच्या झाकणाखाली दुधाळ काही नव्हतं. टायरांवरची चार आकडी तारीख ३११७. म्हणजे २०१७ सालचा ३१ वा आठवडा. नक्षी भरपूर, रबर लाकूड झालेलं.

"टायर लिहिलेत माझ्या यादीत," डॉक्टरबाई म्हणाल्या.

उजवं पुढचं चाक अंगणाच्या पायरीवर चढवून गाडी तिरकी उभी केली आणि दोन्ही दारं उघडून लावली. अपघातात चेसिस वाकलेल्या किंवा तळ गंजून ढिल्या पडलेल्या टपाच्या गाडीचं दार अशा वेळी घासतं किंवा लागतच नाही. इथे दोन्ही दारं बोटाने लागली. नीळ दोन्ही बाजूंनी खाली आली, डावीकडे जरा कुरकुरत. टप तिन्ही वेळा १९ सेकंद. घडीपाशी कापडाला नखाएवढं भोक पडून त्याला आतून ठिगळ लावलेलं. टाके बघून विचारावं लागलं नाही की कोणी लावलं.

"घाट चढवल्याशिवाय घेऊ नका," असं त्या स्वतःच म्हणाल्या आणि पुढच्या सीटवर बसल्या. भाचा गाडी चालवायला. मी मागे, गुडघे हनुवटीला लावून. टपाच्या गाडीची मागची सीट ही विम्याच्या कागदावर असते, माणसांसाठी नसते. हातखंबा, पाली, नाणीज करत साखरप्याला पोचलो आणि आंबा घाट सुरू झाला. भाच्याला सांगितलं, गिअर हाताने दुसऱ्यात धर, दीड हजार आरपीएमवरून पूर्ण दाब आणि सोडू नकोस. सपाट रस्त्यावर टर्बोला काम पडत नाही, तिथे सगळ्याच गाड्या शहाण्या.

गाडी ओढत होती, पण जोर आल्याबरोबर समोरून फुत्कार यायचा, वेटोळं घातलेल्या फुरशासारखा. पाय उचलला की बंद. डॉक्टरबाई म्हणाल्या, "हा वर्षभर आहे. मला वाटलं टर्बो असाच बोलतो." टर्बो बोलतो तो पातळ शिट्टीत, सायरन वाजला तर पाती घासतायत, फुत्कार म्हणजे दाबलेली हवा वाटेत कुठेतरी सुटतेय. वर आंबा गावात थांबून, चहा होईपर्यंत बॉनेट उघडून बघितलं. दाबलेली हवा गार करणाऱ्या इंटरकूलरला येणाऱ्या पाइपाची क्लिप सरकून रबराला बोटभर चीर पडली होती, आणि पुढच्या बंपरखाली घासल्याच्या खुणा. फेरीबोटीचा रॅम्प किंवा आपले गावोगावचे गतिरोधक, दोनपैकी एक. पाइप नवा टाकला की संपलं. चढून आल्यावर तापलेल्या इंजिनाजवळ नाक नेलं, जळक्या तेलाचा वास नाही. गाडीखाली थेंब नाही. एवढा घाट चढून टर्बोच्या तेलाच्या नळ्या कोरड्या राहिल्या, माझं निम्मं काम झालं.

उतरताना हलक्या पायावर एक बारीक मिसिंग, म्हणजे इंजिनाचा ठोका चुकणं, जाणवलं. प्लग आणि कॉइल बघूच. पण या इंजिनांत पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये उडतं, इनटेक व्हॉल्व्हवरून वाहत नाही, त्यामुळे व्हॉल्व्ह कधी धुतलेच जात नाहीत आणि त्यांच्यावर काजळीची पुटं चढतात. ती काढायला अक्रोडाच्या टरफलांचा भुगा हवेच्या दाबाने मारतात. हे ऐकून डॉक्टरबाई म्हणाल्या, "आपल्याकडे काजूची टरफलं एवढी पडलीयत, ती चालतील का?" मी म्हटलं, बाई, काजूच्या टरफलाच्या चिकाने हात सोलतात, व्हॉल्व्हचं काय होईल? त्या इतक्या हसल्या की गुडघा धरून बसल्या.

व्यवहार त्यांच्या ओटीवर झाला. त्यांनी त्यांची यादी ठेवली, मी माझी. आठ मुद्दे दोन्हीकडे होते. पाइप आणि माउंटिंग फक्त माझ्याकडे. टायरचे, पाइपाचे आणि गॅसकेटचे पैसे त्यांनी कापून दिले. टपाच्या ठिगळाचा एक रुपया सोडला नाही. "तो टाका मी मारलाय, टिकेल," म्हणाल्या. विम्यावर ५० टक्के नो क्लेम बोनस होता, म्हणजे पाच वर्षांत तरी क्लेम नाही. हा आकडा शून्य असेल तर कारण विचारल्याशिवाय पुढे जाऊ नये. मालकी बदलायच्या फॉर्म २९ आणि ३० वर सह्या झाल्या. कर्ज कधीच नव्हतं, नाहीतर कर्जाचा बोजा उतरवायच्या फॉर्म ३५ साठी बँकेच्या फेऱ्या.

गाडी अजून माझ्याकडेच आहे. पुण्याच्या सोसायटीत भाच्याचं पार्किंग उघड्यावर, आणि पाऊस उतरेपर्यंत मी ती नेऊ देणार नाही असं त्याच्या आईच्या देखत सांगितलं. शेडमध्ये एका बाजूला तांडेलांची उघडलेली इंजिनं, दुसऱ्या बाजूला ही. खलाशी येता-जाता हात लावून बघतात. गॅसकेट, माउंटिंग, पाइप झाले. प्लग बदलल्यावर मिसिंग बरंचसं गेलं, अक्रोडांचं दिवाळीनंतर बघू. दर रविवारी वीस मिनिटं चालू करतो, टप उघडतो, कोरडा असेल तरच घडी घालतो. ओला टप घडी करून ठेवला की चार दिवसांत भुरा चढतो, ही चूक सगळे करतात.

डाव्या पन्हळीची नळी कुरकुरत होती ती जाड तंगूस, म्हणजे नायलॉनचा दोरा, घालून साफ केली. जाळ्याचा तंगूस यासाठी उत्तम, वाकतो पण नळी फाडत नाही. पहिल्या झटक्याला आंब्याचा मोहोर निघाला, मग शेवाळ, आणि मग काहीतरी मऊ अडलं. दुसऱ्या बाजूने पाणी सोडलं तेव्हा चाकापाशी एक बोटाच्या पेराएवढं बेडकाचं पिल्लू बाहेर पडलं, दोन क्षण बसून राहिलं आणि ट्रॉलरच्या इंजिनाच्या हेडखाली निघून गेलं.

परवा रात्री धो धो पडला म्हणून मुद्दाम गाडी शेडबाहेर काढून ठेवली होती. सकाळी कार्पेटखाली हात घातला. कोरडा निघाला. भाच्याला फोटो पाठवला तर त्याचं उत्तर आलं, "मामा, टप उघडा ठेवून काढा ना फोटो."